वार मंगळवार, गाव केप कोस्ट

आपल्याकडे दोन बायका एकमेकींना पहिल्यांदा भेटल्या की कसं विचारतात, "माहेर कुठलं हो तुमचं?" तसं पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात विचारतात, "तुमचा जन्म कोणत्या वारचा?" तारीख नाही, तिथी नाही, वय तर मुळीच नाही. फक्त वार! आणि तो सांगितला की त्याच क्षणी तुम्हाला तिथलं नाव मिळतं. घानामधल्या आकान लोकांत मूल जन्मलं की वाराचं नाव घेऊनच जन्मतं. आत्यानं कानात कुर्र करायची वाट पाहावी लागत नाही. सोमवारची मुलगी ती अजुआ, बुधवारची एकुआ, शुक्रवारची एफुआ, शनिवारची आमा, रविवारची एसी. मुलगे असतील तर शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे. संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस कोफी अन्नान आठवतात ना? ८ एप्रिल १९३८ ला ते जन्मले, तो शुक्रवार होता. दुसरं, ठेवायचं नाव आठव्या दिवशी होणाऱ्या बारशात मिळतं. त्या बारशात बाळाच्या जिभेवर आधी पाण्याचा थेंब आणि मग मद्याचा थेंब ठेवतात. पाण्याला पाणी म्हण आणि दारूला दारू, खोटं बोलू नकोस, असा त्याचा अर्थ. मला हे फार आवडलं. आपल्या घुगऱ्यांच्या जोडीला हे असतं तर काही बिघडलं नसतं!

मी २०२४ च्या मे महिन्यात तिथं गेले ती तीन महिन्यांसाठी, समुद्राकाठच्या केप कोस्ट या गावी, एका प्राथमिक शाळेत विनावेतन काम करायला. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभा जन्म गेला, आदल्या वर्षी निवृत्त झाले. हातपाय धड आहेत तोवर जगाच्या पाठीवर कुठंतरी दुसऱ्या मुलांना शिकवून पाहावं असं मनात होतं. आमच्या ह्यांनी एवढंच विचारलं, "आणि माझ्या जेवणाचं?" मी कुकरच्या शिट्या कशा मोजायच्या ते वहीत लिहून ठेवलं आणि पीतज्वराची लस टोचून घेतली. त्या लशीच्या पिवळ्या दाखल्यावाचून त्या देशात पाऊल टाकू देत नाहीत. मलेरियाच्या गोळ्यांचा डबाही बरोबर होता. अदिस अबाबाला विमान बदलून राजधानी अक्रा, आणि तिथून मोटारीनं पश्चिमेला दीडशे किलोमीटरच्या आत केप कोस्ट.

गाव शाळांचं म्हणून प्रसिद्ध. कोफी अन्नान शिकले ती १८७६ सालची म्फान्त्सिपिम शाळा इथलीच. १८७७ पर्यंत इंग्रजांची राजधानीही इथं होती. आता राहिलाय तो चढउताराचा बाजार, पत्र्याची तांबूस छपरं, आणि खाली सतत गरजणारा समुद्र. खेकडा हे गावाचं चिन्ह. बाजाराचं नाव कोटोकुराबा, त्यातही खेकडाच!

मला तिथं कुणाचा उद्धार करायला कुणी बोलावलं नव्हतं, आणि तशी समजूत करून घेऊन जाणाऱ्यांचं मला हसूच येतं. दोन आठवड्यांसाठी येऊन मुलांना कडेवर घेऊन फोटो काढून जाणारी तरुण परदेशी मंडळी तिथंही पाहिली. चांगली असतात बिचारी, पण त्यांची नावं लक्षात येईस्तोवर ती गेलेली असतात आणि मुलं पुन्हा नव्या पाहुण्याची नावं पाठ करतात. वर्ग चालवणाऱ्या बाई तिथल्याच. माझ्या वाट्याला दुसरी-तिसरीतली वजाबाकीत अडलेली मुलं आली. हातचा काही केल्या उमजेना. एके दिवशी पाहिलं, शाळेचा झाडू आपल्यासारखाच माडाच्या हिरांचा! मग काय, झाडू सोडला, हिरांचे एकसारखे तुकडे केले, दहा-दहाचे गठ्ठे बांधले. बत्तिसातून सतरा वजा करताना गठ्ठा सोडायचा, की सुट्या काड्या आपोआप बारा होतात. आमच्या शाळेत हे मी तीस वर्षं केलं. गठ्ठा सुटला की मुलाच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो, तो सांगलीत आणि आफ्रिकेत अगदी सारखा असतो हो!

राहायला एका बाईंच्या घरी होते. त्या बुधवारच्या, म्हणून मी मनात त्यांना बुधवारबाईच म्हणायची. बाजारात खारवलेली आणि धुरी दिलेली मासळी विकायचा त्यांचा धंदा. मासे धरायचे पुरुषांनी. पण किनाऱ्यावर माल आला की भाव ठरवणं, धुरी देणं, विकणं, पैसा राखणं सगळं बायकांच्या हाती. आपल्या कोळणींची आठवण आली. मी मासे खात नाही म्हटल्यावर बुधवारबाईंनी पहिले दोन दिवस कपाळाला हात लावला. मग चवळीची उसळ नि तळलेली केळी, लाल तिखट लावलेल्या केळ्याच्या फोडी, चवळी घालून शिजवलेला भात, असं काही ना काही करू लागल्या. केळीच्या सुकल्या पानात बांधून उकडलेला मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा गोळा असतो, त्याला केंके म्हणतात. पहिल्यांदा आंबट ढाण लागतो, पंधरा दिवसांनी त्यावाचून चैन पडत नाही. आणि एक सांगते, डाव्या हातानं काही द्यायचं-घ्यायचं नाही हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. आमच्या आजीनं ते चाळीस वर्षांपूर्वीच धपाटा घालून शिकवलं होतं!

आता वाढदिवसाचं. शाळेच्या कागदावर माझी जन्मतारीख होती १ जून. ती पाहून मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्यासाठी काहीतरी बेत केला. २०२४ साली १ जूनला शनिवार होता, म्हणून शुक्रवारीच गाणं म्हणायचं ठरलं. मी म्हटलं, "बाई, तो माझा वाढदिवस नाही." त्या गोंधळल्या.

तुम्हाला मात्र हे समजावून सांगायला नको. आपल्यापैकी किती जणींचा वाढदिवस १ जूनला असतो! जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या. मूल सहा वर्षांचं बसलं पाहिजे. जन्माची नोंद नाही. मग गुरुजींनी मुलाचा हात डोक्यावरून दुसऱ्या कानाला पोचतो का पाहायचं आणि १ जून लिहून टाकायचं. आम्ही तिघी बहिणी, तिघींची तारीख १ जून! वर्षं तेवढी वेगळी. त्या दिवशी मला पहिल्या शुभेच्छा बँकेच्या येतात, मग विमा कंपनीच्या. घरात माझा वाढदिवस असा कधी झालाच नाही. मुलांचे केले, ह्यांचा केला, सासूबाईंची पंच्याहत्तरी केली, पुरणावरणाचा स्वयंपाक केला. माझी तारीखच खोटी, मग करणार कशाचं? नोकरीतून निवृत्तसुद्धा त्या खोट्या तारखेच्या हिशेबानं ३१ मेला झाले.

मला वाटलं, मुख्याध्यापिकाबाई हसतील. त्या मुळीच हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो, आमच्या क्वामे न्क्रुमांचंही असंच आहे!" न्क्रुमा म्हणजे घानाला १९५७ साली स्वातंत्र्य मिळवून देणारे नेते. त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात सांगितलंय की बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्यानं २१ सप्टेंबर १९०९ ही तारीख अंदाजानं लिहिली. पण वार शनिवार होता, हे मात्र पक्कं. म्हणून तर क्वामे. आणि गंमत म्हणजे, मी नंतर हिशेब करून पाहिला, २१ सप्टेंबर १९०९ ला मंगळवार येतो! तरीही त्यांची सरकारी सुट्टी २१ सप्टेंबरलाच. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, तिथं माझं काय? "तारीख जाऊ द्या," बाई म्हणाल्या, "वार सांगा."

वार मला माहीत होता. माझं नावच मंगल. पण खात्री करावी म्हणून त्याच दुपारी आईला फोन लावला. तिथले अडीच म्हणजे आपले रात्रीचे आठ. आई चौऱ्याऐंशीची. कृष्णाकाठच्या गावात भावाकडे असते. ऐकू कमी येतं, म्हणून फोनवर बोलणं म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकवणंच.

"आई, माझा जन्म मंगळवारचाच ना?"

"मंगळवारचाच की! आषाढातला. बाजाराचा वार हुता. सुईण बाजाराला गेलेली. ओढ्याला पाणी आलेलं, तिला परत येता ईना. मी एकलीच." मग थोडं थांबून म्हणाली, "तुझ्या टायमाला साखर वाटली न्हाई बघ. तिसरी मुलगी म्हणून."

एकोणसाठ वर्षांत हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. जन्मटिपण केलं नाही हे ठाऊक होतं, त्याचं कारण पाऊस असं सांगत. पावसानं टिपण भिजलं असेल एक वेळ, साखर कशी भिजली? मी फोन ठेवला आणि ओसरीवर बसून राहिले. बुधवारबाई अंगणात मासळी पाखडत होत्या. मोडक्या इंग्रजीत मी त्यांना सांगितलं, की मी तिसरी मुलगी, म्हणून गोड वाटलं नाही.

त्यांना कळेचना. दोनदा विचारलं, "मुलगी जगली ना?" हो म्हटलं. "आई जगली ना?" हो. "मग?"

मग त्यांनीच मला त्यांच्याकडची रीत सांगितली. आकान लोकांत कूळ आईकडून चालतं. मूल आईच्या घराण्याचं. परंपरेनं वारसासुद्धा मामाकडून भाच्याला. घरात मुलगीच नसेल तर कूळ बुडालं! ओळीनं तिसरी मुलगी झाली तर तिला खास नाव आहे, मान्सा. तिसऱ्या मुलाला मेन्सा, तिसऱ्या मुलीला मान्सा. मिरवायचं नाव आहे ते, लपवायचं नाही. आमच्याकडे पाठोपाठ झालेल्या मुलींना 'नकोशी' नाव ठेवत. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा अडीचशेहून जास्त मुलींची नावं समारंभानं बदलली, तेव्हा आमच्या शाळेत त्याची चर्चा झाली होती. हे मी बुधवारबाईंना सांगितलं नाही. परक्या घरात आपल्या घरचं सगळंच बोलू नये. पण आपल्याकडचा कायदा तोच जगाचा कायदा, असं जे आपण धरून चालतो ना, ते त्या ओसरीवर माझ्यापुरतं संपलं. मात्र आईकडून कूळ चालतं म्हणून तिथं बाईला कष्ट कमी, असं समजू नका. पहाटे चारला उठून रात्री दहापर्यंत बुधवारबाईंचं चाक चालू असे.

मंगळवारच्या बाईला आकानांत अबेना म्हणतात. पण केप कोस्टचे लोक फान्ते, त्यांच्यात ती अराबा. झाले मी आंटी अराबा! आणि मंगळवार म्हणजे त्या किनाऱ्यावर लहानसहान वार नव्हे. मंगळवारी समुद्रात होडी घालायची नाही. तो समुद्रदेवाचा दिवस. जूनमधल्या मंगळवारी मी खाली गेले की रंगीत होड्या वाळूत ओळीनं लावलेल्या, त्यांवर निशाणं फडफडतायत, आणि पुरुष मांडी घालून जाळी विणतायत. जुलैत मात्र सगळेच वार मंगळवार झाले. माशांना वाढायला सवड मिळावी म्हणून त्या वर्षी सरकारनं लहान होड्यांना जुलैचा पूर्ण महिना बंदी केली होती. आपल्या कोकणकिनाऱ्यावर जून-जुलैला असते तशीच. बुधवारबाईंचा हात त्या महिन्यात आखडता होता, हे मला स्वयंपाकघरातून दिसत होतं.

मधल्या एका शनिवारी किल्ला पाहिला. तो टाळून केप कोस्टबद्दल लिहिणं खोटेपणाचं होईल. स्वीडिश लोकांनी १६५३ साली त्याची सुरुवात केली, पुढं तो इंग्रजांकडे गेला. पांढराशुभ्र, समुद्राकडे तोफा रोखलेला. आत तळघरं आहेत. माणसं गुरांसारखी कोंबून ठेवायचे, आणि जहाज आलं की समुद्राकडच्या दारातून बाहेर काढून अमेरिकेकडे गुलाम म्हणून न्यायचे. पुरुषांच्या तळघराच्या बरोबर वर प्रार्थनामंदिर होतं. वर प्रार्थना, खाली ते! १८०७ साली इंग्रजांनी हा व्यापार कायद्यानं बंद केला. अंगणात एका इंग्रज कवयित्रीची कबर आहे. लेटिशिया लँडन तिचं नाव. इथल्या गव्हर्नरची बायको होऊन आली आणि १८३८ साली थोड्याच महिन्यांत वारली. छत्तीस वर्षांची होती. तिच्यासाठीही जीव हळहळला, पण तिचं निदान नाव दगडावर आहे. तळघरातल्यांचं कुणाचंच नाही. गेलेल्यांचं घर गेलं, भाषा गेली, पण वार काही जणांनी समुद्रापार नेला. जमैकात इंग्रजांशी लढून १७३९ साली तह करायला लावणारा पुढारी होता, त्याचं नाव कजो. कजो म्हणजे आकानांचा कोजो. सोमवारचा मुलगा!

आषाढ लागला तो ६ जुलैला. पहिला मंगळवार आला ९ जुलैचा. आईनं सांगितलेला महिना आणि वार, दोन्ही जुळत होते. तारीख कोणती हा प्रश्न तिथं कुणालाच पडला नाही.

पहाटे चारला स्वयंपाकघरात उजेड दिसला. बुधवारबाई ओटो करत होत्या. वाढदिवसाच्या सकाळी आकान घरात ओटो होतोच, जसं आपल्याकडे ओवाळणं. पांढरा याम, म्हणजे आपल्या कोनफळाच्याच जातीचा मोठा कंद, सोलून मीठ घालून उकडायचा. आतून खाचा असलेल्या मातीच्या परळात लाकडी बत्त्यानं गरमगरम कुस्करायचा. लाल पामतेलात (आपल्याला रेशनवर मिळायचं ते नव्हे, हे न गाळलेलं, शेंदरासारखं लाल असतं) कांदा परतायचा, आणि ते तेल घालून कंद केशरी होईस्तोवर मळायचा. वर अख्खी उकडलेली अंडी. घरी करून पाहायचा असेल तर कोनफळ घ्या, शेंगदाण्याचं तेल आणि रंगापुरती हळद. चव हुबेहूब येत नाही, पण मुलं आवडीनं खातात. कंद गार झाला की चिवट होतो, म्हणून गरम असतानाच कुस्करा.

पंचाईत अंड्याची होती. अंडं मला चालतं, पण मंगळवारी नाही. लग्न झाल्यापासून चौतीस वर्षं मंगळवार धरलाय. कंद उपासाला चालतो, कांदा चालत नाही, अंड्याचं तर नावच नको! बुधवारबाईंनी न्हाऊन पांढरं लुगडं नेसल्यागत पांढरं कापड गुंडाळलं होतं. दोन्ही हातांनी परळ माझ्यापुढं धरला. माशांचा महिना बंद, अंडी महाग, आणि परळात तीन अंडी. मी एक उचललं आणि खाल्लं. उपास तिथंच मोडला. गणपतीनं अजून त्याबद्दल काही विचारलेलं नाही.

शाळेत मुलांनी फान्ते गाणं म्हटलं आणि टाळ्या वाजवून नाच केला. मी नेलेल्या पिशवीत गोळ्या-चॉकलेटं होती, ती प्रत्येकाच्या उजव्या हातावर ठेवत गेले. शेवटच्या रांगेला कमी पडली, तेव्हा बुधवारबाईंनी शेजारच्या टपरीवरून साखरेचे खडे आणले आणि पुरवठा केला. साखरच ती शेवटी.

संध्याकाळी आईला फोन केला. सगळं सांगितलं, अंड्याचंसुद्धा.

"मंगळवारी?"

"मंगळवारी."

जरा वेळ पलीकडं नुसता पंख्याचा आवाज. मग ती म्हणाली, "किती पोरं हायती शाळंत?"

"एकशेदहा."

"समद्यांना पुरलं का?"

पुरलं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी थोरल्या बहिणीचा फोन आला, की मलाही आईला विचारून माझं नाव सांग. ती सोमवारची, म्हणजे अजुआ. लगेच मधलीचा. पण मधलीचा वार आईला काही केल्या आठवेना. मधली रुसली. सत्तरीला टेकलेली बाई, दोन दिवस धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे, तिथं अजून मध्यरात्रही झाली नव्हती, आईनं स्वतः भावाकडून फोन लावून घेतला. "गुरुवार! दत्ताच्या देवळात आरती चाललेली, घंटा ऐकू येत हुती मला. लिहून घे."

मी लिहून घेतलं आणि बुधवारबाईंना विचारलं, की फान्ते लोकांत गुरुवारच्या मुलीला काय म्हणतात. त्या म्हणाल्या, "आबा."

मधलीला अजून सगळे नातू आबा म्हणूनच हाक मारतात, आणि ती ओ देते.